नापास व्हायला गेलेल्या सुचित्राताई

आमच्या बालीगंजच्या इमारतीत मराठी घरं दोनच, माझं आणि वरच्या मजल्यावरच्या सुचित्राताई सबनिसांचं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने त्या इथे बंगालात आल्या. पुढे नवरा गेला, त्या इथेच राहिल्या. इथल्या मराठी मंडळातल्या आम्हा बायकांना नाटकाला, दवाखान्यात, बागबाजारला रसगुल्ले खायला न्यायची ती त्यांचीच जुनी लाल गाडी. ताई ती अशा झोकात चालवायच्या की मागच्या सीटवर मी देवाचा धावा करत असे. तरी टॅक्सी कधी केली नाही.

गेल्या वर्षी त्यांनी गडियाहाटचा लाल सिग्नल सरळ पार केला. वरच्या पापण्या इतक्या सैल होऊन डोळ्यांवर आल्या होत्या की वरचं काही दिसतच नव्हतं. ट्रॅफिकच्या सार्जंटने अडवलं, तर त्यालाच म्हणाल्या, "सिग्नल जरा खाली बांधा की." मुलाने, अजेयने, त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. "ऑपरेशन होईपर्यंत नाही, आई. आणि तुला जायचंय कुठे? घरातच तर बसायचंय." हे शेवटचं वाक्य ताईंना फार लागलं.

ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत होतं, पण पापण्यांमुळे दिसत नाही हे तपासणीतून आणि फोटोतून दिसायला हवं होतं. नुसतं तरुण दिसण्यासाठी असेल तर कंपनी हात वर करते.

आता ताई म्हणजे जन्मभर गणिताच्या बाई. तपासणी ही त्यांच्या लेखी परीक्षा, आणि परीक्षेत पैकीच्या पैकीच मिळवायचे. यंत्रात हनुवटी टेकवून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. बाईंनी भुवया पार कपाळावर चढवल्या आणि एक ठिपका सोडला नाही. फोटोला तर पैठणी नेसून, काजळ घालून, डोळे टक्क उघडून बसल्या. घरी येऊन मला पेढा दिला. "सगळे बरोबर आले गं, कादंबरी."

कंपनीने कळवलं, दृष्टीला अडथळा नाही, शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी, सबब नामंजूर. मला हसू आवरेना. "अहो ताई, तिथे नापास व्हायचं होतं."

त्या हसल्या नाहीत. "ते मला जमायचं नाही," म्हणाल्या.

फेरतपासणीला मी बरोबर गेले. यंत्रावर सुरुची नावाची बंगाली मुलगी होती. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर "म्हणजे बर्गी," म्हणून ती हसली. जुन्या काळी मराठा स्वारांनी, म्हणजे बर्गींनी, बंगालात केलेली लूट इथे अजून अशी थट्टेत निघते. मग तिने ताईंच्या कपाळावर हलकेच तळवा ठेवला आणि बंगालीत म्हणाली, "भुवया सोडा, मासीमा."

ताईंनी सोडल्या. लगेच पुन्हा चढल्या.

"सवय आहे गं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हे गेले तेव्हा अजेय लहान होता. माझा चेहरा उतरलेला दिसला की घाबरायचा."

सुरुचीला मराठी कळलं नसावं, पण तिने हात काढला नाही. हळूहळू कपाळ सैल झालं आणि सगळा चेहरा खाली आला. रोज भेटणारी ही बाई इतकी दमलेली आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं. वरचे ठिपके एकामागून एक हुकले. मग पापण्या चिकटपट्टीने वर धरून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा सगळे दिसले. फोटो मात्र पट्टी काढून, भुवया सोडलेल्याच ठेवून काढला, साध्या सुती साडीत.

मंजुरी आली. कागदपत्रं अजेयनेच पाठवली होती, त्यात तो फोटो त्याने पाहिला. बराच वेळ पाहत बसला होता, असं ताई म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधीच त्याने किल्ली आणून त्यांच्या उशाशी ठेवली. म्हणाला, "घरात बसायचंय, असं मी पुन्हा म्हणणार नाही."

टाके निघून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही बागबाजारला निघालो. अजेय मागे माझ्या शेजारी बसला. गडियाहाटला लाल दिवा लागला. ताई थांबल्या, आणि भुवया जराही न उचलता वर बघत राहिल्या.