घरात कोणाला सांगितलंत?

मेंदूविज्ञानाच्या ऑनलाइन पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्सला आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या बाई सदाशिव पेठेतल्या. मी खराडीच्या ऑफिसातूनच जोडला जातो. दर गुरुवारी त्या पडद्यावर येतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि हजेरीऐवजी एकच विचारतात, "हं, या आठवड्यात घरात कोणाला समजावून सांगितलंत?"

"मॅडम, स्लाइड्स वाचल्या," मी एकदा म्हणालो.

"छान. स्लाइड्सना काही कळलं का?"

तेव्हापासून मी बायकोला धरून बसवतो. ती जांभया देऊ लागली की चूक माझी, असं बाईंचं मत.

परवा आमच्यातली एक फिजिओथेरपिस्ट बोलत होती. ती अडखळत बोलते, म्हणून तोंडी परीक्षेत मागे पडली आहे. अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंना तिने, हात धड असूनही उचलला का जात नाही, ते समजावलं होतं. तेवढ्यात कोर्सचे प्रमुख मीटिंगमध्ये आले.

"बाई, गप्पा पुरे. मागे पडलेल्यांना कोर्स सोडायला सांगा, असं कळवलं होतं ना? यांच्यापासूनच सुरुवात करा."

ती मान खाली घालून बसली. बाईंना कामावर ठेवायचं की नाही, हे प्रमुखच ठरवतात.

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सर, आपण मध्येच बोललात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी प्रमुखांचा माईक बंद केला.

"हं. मग काय म्हणाल्या सासूबाई?"