सहादेवची हडळ

सहादेव आमच्या गावचा कोतवाल. तीस वर्षं त्यानं दवंडी दिली, त्यामुळे त्याच्या तोंडून आलं ते खरं, असं गाव धरूनच चालायचं. गड्याला खोटं बोलता येत नाही, असं मीसुद्धा छातीठोक सांगायचो.

ओढ्याकाठच्या जुन्या चिंचेवर लोकांच्या कुऱ्हाडी पडायला लागल्या. ग्रामसभेचा कुऱ्हाडबंदीचा ठराव होता, सही-शिक्क्यासकट. त्याला कुत्रं विचारत नव्हतं. एके दिवशी पारावर सहादेव म्हणाला, "चिंचंवर हडळ हाय. म्या पाह्यली." मला हळूच डोळा मारला. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून फांदीला कोणी हात लावीना. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दोन वर्षांनी रतनबाईच्या सुनेनं, आरतीनं, खुरपणीच्या दुपारी त्या चिंचेखाली भाकरी खाल्ली. संध्याकाळी तिला फिट आली. रतनबाईनं डॉक्टर सोडून अंगारे केले, आणि हडळ लागलेली सून नको म्हणून तिला माहेरी राजूरला धाडलं. दीड वर्षाचं लेकरू मात्र इकडेच ठेवून घेतलं.

सहादेवला अन्न गोड लागेना. भर ग्रामसभेत त्यानं हात जोडले. "हडळ न्हाई. चिंच वाचावी म्हनून म्या रचली."

"हडळच बोलतीय तुज्या तोंडानं," रतनबाई म्हणाली. "चिंच हुबी हाय तवर सून उंबरा चढायची न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीला उठायला हवं होतं. गाव मलाही खोटारडा म्हणेल म्हणून मी चपलेचा अंगठा चाचपत बसलो. सांगायला लाज वाटते.

शेवटी सहादेवनंच कुऱ्हाड घेतली. ज्या झाडासाठी खोटं बोलला ते स्वतः पाडलं आणि गावाला सांगितलं, "गेली हडळ. जाताना बोलली, पोरीला नगरच्या डाक्टरला दावा, न्हाईतर माघारी येईन." हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

आरती आली. गोळ्यांनी फिट थांबल्या. लेकरू कडेवर घेऊन ती सहादेवच्या पाया पडायला वाकली. "बाबा, तुमी माजी पीडा घालवली." तो पाय मागे घेत राहिला.

काल आम्ही ओढ्याकडे गेलो होतो. बुंधा उन्हात उघडा पडलाय. बाया अजून पदर ओढून लांबून वळसा घालतात.

"खरी हुती ती चिंच गेली," सहादेव म्हणाला. "न्हवती ती हडळ हाय तितंच हाय." मग माझ्याकडे न बघताच, "त्या दिशी तू उठला आसतास तर?"

मी पुन्हा चपलेचा अंगठा चाचपला.