घासलेली शिवराई

भोरच्या एसटी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. मोबाईलवरून मागवलेलं जुनं नाणं कुणी दाखवलं, की ते भिंगाला हात न लावता नुसतं कडेवरून नख फिरवतात, याचं मला नवल वाटायचं. माझ्या शिवराईवरही फिरवलं.

"साच्यात वतलीय. कडंला जोड लागतोय बगा. खरीवर ठसा मारलेला असतो. परत धाडा."

"तुमच्याकडं आहे का खरी?"

त्यांनी खणातून तांब्याची एक गुळगुळीत चकती काढली. "उत्रोलीच्या खाचरात घावलेली. देवाऱ्यात ठिवली, आन दर सणाला टाकांसंगं चिंच-राख लावून घासली म्या. अक्षरं न्हाई ऱ्हायली."

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या खोट्या शिवराईवरचं ‘छत्रपति’ बराच वेळ वाचत बसले.