सगळ्यात खालचा थर

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या हपिसातल्या कॉम्प्युटरचं नागपूरशी बोलणं बंद पडलं. वेळ पक्की आहे, कारण भिंतीवरच्या घड्याळाला चावी मीच देते. पण त्या सोमवारचं शेवटी सांगीन. आधी सांगायची हिंमत नाई.

वर्ध्याच्या एका सरकारी हपिसात मी झाडपूस करते, पाणी भरते. माझे बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये होते. घरी आले की त्यांच्या कानातून, भुवयांतून रुई निघे, अन् ती कधी बसली हे त्यांनाही ठाऊक नसे. हपिसातले किस्से तसेच अंगावर बसत जातात. झाडू मारणाऱ्या बाईसमोर लोक बिनधास्त बोलतात.

*

कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमचं देवघर. चपला बाहेर, आत गारेगार एसी. एकदा तपासणीला मोठे साहेब आले अन् बूट काढायला तयार होईनात. आमचे शिपाई वामनराव दारात आडवे उभे.

"काढा, साहेब. मोज्याले भोक असन त आमी पाहत नाई."

साहेबांनी बूट काढले. भोक होतं. वामनरावांनी पाहिलं नाही, पण साऱ्या हपिसाला सांगितलं.

*

आमचे साहेब पुण्याकडचे, समजावून सांगायची भारी हौस. कारंज्याच्या वंदनाताई नव्या ऑपरेटर म्हणून लागल्या, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. त्यांच्यासाठी साहेबांनी फळ्यावर सात आडव्या रेघा मारल्या. मी खाली फरशी पुसत होते.

"दोन कॉम्प्युटर बोलतात ते या सात थरांतून," साहेब म्हणाले. "मजकूर सगळ्यात वरच्या थरात येतो. तो खालच्याला देतो. खालचा त्यावर आपलं पाकीट चढवून आणखी खालच्याला देतो. सगळ्यात खाली नुसती तार. पलीकडे पोचलं की एकेक पाकीट निघत वर जातं. प्रत्येकानं आपल्या वरच्या-खालच्याशीच बोलायचं. दुसऱ्याच्या पाकिटात कोणी डोकवायचं नाही."

वामनराव म्हणाले, "कोनीच डोकवत नाई? मंग हे सरकारी काम नाई, साहेब."

*

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईच्या चिठ्ठीसारखं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सांगावंच लागलं. आई समुद्रपूरची, तिला लिहिता येत नाही. ती बोलते, शेजारच्या मास्तरांची पोरगी लिहिते, घडी घालून वर माझं नाव टाकते. ती चिठ्ठी डब्यात जाते, डबा यष्टीच्या कंडक्टरकडे. कंडक्टर तो वर्ध्याच्या स्टँडवर कंट्रोलरकडे ठेवतो, तिथून वामनराव आणतात. पण आईला वाटतं, ती थेट माझ्याशीच बोलली.

साहेब खडू हातात धरून उभेच राहिले. "कितवी शिकलीस गं?"

"सातवी."

"वंदना, हिला समजलं."

त्या दिवशी मी फरशी दोनदा पुसली.

*

चिठ्ठीत नेहमी माझ्या आठ महिन्यांच्या चिमीबद्दल असे. एकदा आईनं विचारलं होतं, पोरीचे जुलाब थांबले का. त्याखाली वेगळ्याच अक्षरात लिहिलेलं, "बाई, साबुदाण्याची पेज द्या. माझ्या पोराले फरक पडला. कंडक्टर."

साहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला. म्हणाले, "हा माणूस आपल्या थरात राहिला नाही."

पेजेनं फरक पडला, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

*

साहेबांचा दुसरा धडा पोचपावतीचा. माल पोचला की तिकडून 'पोचलं' असं यायला हवं. नाही आलं तर इकडून पुन्हा पाठवायचं.

आम्हा मायलेकीत रिकामा डबा परत जाणं हीच पोच. एकदा चिमीच्या तापात मी डबा परत पाठवायला विसरले. दुसऱ्या दिवशी आईचा आणखी एक डबा आला, तेच तिळाचे लाडू, तीच चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी तिसरा. मला लाजल्यासारखं झालं. सगळ्यांना लाडू वाटले.

साहेबांनी दुसरा लाडू उचलला. "सुमन, अजून दोन दिवस पोच पाठवू नकोस."

*

आता तो सोमवार.

मे महिना होता. चिमीच्या अंगावर घामोळ्या उठल्या होत्या, रात्रभर रडली होती. सासूबाई गावी गेलेल्या, पोरीला ठेवू कुणाजवळ? मी तिला घेऊनच आले अन् व्हरांड्यात बसवलं. मला एक खोड आहे, दर दोन मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून पाहते. वंदनाताईंनी ते पाहिलं.

"काऊन भाजून राह्यली पोरीले? आत आण. साहेब बाराले येतीन, तवरक झोपू दे तिले."

मशीनच्या खोलीत कुणाला आणायचं नाही असा नियम. मी आणलं. लुगड्याच्या तुकड्याची झोळी केली, लाल दोरीनं एक टोक टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं भिंतीकडच्या केबलच्या जुडीला. चिमी गारव्यात झोपली. मी पायानं झोका देत होते. दहा वीसला वंदनाताई म्हणाल्या, "नागपूर गेलं."

मी झोळी सोडली अन् पोरीला बाहेर नेलं.

साहेब आले. त्यांनी वरच्या थरापासून शोधायला सुरुवात केली. आधी वंदनाताईंनी भरलेला मजकूर तपासला, मग प्रोग्राम. मग नागपूरला फोन लावला. नागपूर म्हणालं, आमचं ठीक आहे. मंगळवार गेला. बुधवारी वरून विचारणा आली की महिन्याची माहिती का नाही पोचली, जबाबदार कोण.

गुरुवारी मी टेबलामागे झाडत होते. मोडेम नावाचा डबा असतो, त्याच्या मागची तार अर्धी बाहेर लोंबत होती अन् तिच्या स्क्रूत लाल दोरीचा धागा अडकला होता. मी धागा काढला. तार आत दाबली. दिवा लुकलुकायला लागला.

साहेब धावत आले. "लागलं! काय केलंत?"

मी मूठ मिटली. वंदनाताईंनी माझ्या मुठीकडे पाहिलं. बोटांतून धागा लोंबत होता.

"तार निघाली होती, सर," त्या म्हणाल्या. "स्क्रू मीच आवळले नव्हते."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. सात रेघा अजून तशाच होत्या. "आणि मी तीन दिवस वरच पाहत बसलो," ते पुटपुटले. तरी मेमो वंदनाताईंनाच निघाला. निष्काळजीपणा. प्रोबेशन तिथंच संपलं, नोकरीही.

जायच्या दिवशी त्या दाराबाहेर चप्पल घालत होत्या. मी जवळ गेले. त्याच म्हणाल्या, "तुले पोरगी आहे." अन् गेल्या.

मी आहे तिथंच आहे. यंदा परमनंटही झाले. साहेबांनी शिफारशीत लिहिलं, बाई समजदार आहे.

वंदनाताईंचा पत्ता माझ्याजवळ नाई. कारंज्याले हमरस्त्यावर त्यांच्या भावाचा धाबा आहे, एवढंच ठाऊक. तुमच्यातलं कोणी तिकडं जाऊन राह्यलं असन त त्याले सांगजा, तो ताईले सांगीन. तार सुमनच्या झोळीनं निघाली होती, एवढंच सांगजा. वाटेत आपलं काही जोडू नका. अन् ताईपर्यंत गेलं की मले 'पोचलं' एवढं कळवजा. तवरक मी पुन्हा पुन्हा पाठवीन.