आबांच्या जीपचे खण

हातात कसब असलेला माणूस घरात असला की घरच्यांचं भलं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे येऊन चार महिने राहायला हवं होतं. माझे थोरले दीर कृष्णात, ज्यांना सगळं रहिमतपूर आबा म्हणायचं, ते लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात हवालदार होते. चौऱ्याहत्तर साली पेन्शन घेऊन आले, ते लिलावात काढलेली लष्कराची एक जुनी जीप चालवतच. गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांची बायको, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई चंद्राबाई, भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढे झाल्या. मी त्यांना आक्का म्हणायचे. तुकडा टाकता टाकता त्या हळूच म्हणाल्या, "आता मला माज्या आईकडं न्या."

"न्हेतो की," आबा म्हणाले. "तेवढं मागं सामानाला खण करून घेतो. आठ दिवसांचं काम."

ते आठ दिवस तीन वर्षं चालले.

धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी साताऱ्याची, तोंडानं फटकळ, त्यामुळे ती रीत मला किती जड गेली ते माझं मला माहीत. तेव्हा गिळलेलं आता बाहेर काढते आहे.

आक्कांचं माहेर पार पूर्वेला, आटपाडीच्या अलीकडच्या एका वाडीत. तिथे त्यांची आई राहीबाई चुलतपुतण्याच्या आसऱ्यानं राहत होती. हा पुतण्या आकाराम एकदा कोरेगावच्या बाजाराला आला, तेव्हा आमच्याकडे वाकडी वाट करून निरोप सांगून गेला. "चंद्राक्का, काकीच्या डोळ्याम्होरं धुकं याला लागलंय. म्हंती, दिसतंय तवर चंद्राला एकदा बघू दे."

आक्कांनी त्याच आठवड्यात एक हिरवं इरकली लुगडं घेतलं, तांबड्या काठाचं. घेतलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. मी म्हटलं, नेसा की. तर म्हणाल्या, "न्हाई शालू. हे नेसून आईम्होरं उभी ऱ्हाणार. तिनं बघायला पायजे."

इतकं साधं मागणं. एसटीनं एका दिवसात उरकलं असतं. पण एसटीचं नाव काढलं की आबा ताठ व्हायचे. "दारात जीप असताना माजी बायकू यष्टीनं माह्यारला जायाची? लोकं त्वांडात शेण घालतील." आणि जीपनं न्यायचं तर खण झालेले नाहीत. नवऱ्याचा मान राखायचा म्हणून आक्का गप्प बसायच्या, आणि त्यांचं ते गप्प बसणं पाहून माझं डोकं आबांपेक्षा त्यांच्यावरच जास्त फिरायचं.

आता हे खण कशाला, तर गाडी कुठंही बंद पडली तरी अडायला नको म्हणून. नट-बोल्ट एका खणात, वायरी दुसऱ्यात, पंख्याचा पट्टा तिसऱ्यात, मलमपट्टी चौथ्यात, चहाचा स्टोव्ह पाचव्यात. आणि अंधारात हाताला ओळखू यावेत म्हणून प्रत्येक खणाची मूठ निराळी: एक गोल, एक चौकोनी, एक भोवऱ्यासारखी. अंगणातून कधी हलायची नाही ती गाडी रस्त्यात बंद पडलीच तर काय करायचं, याची ही एवढी तयारी.

पहिल्या वेळी आबांनी मागची रुंदी मापली ती वरच्या अंगाला. सुताराकडून सांगाडा करून आणला, आत घालायला गेले, तर तो चाकांवरच्या उंचवट्यांवर अडकून बसला. चार माणसांनी ओढून काढला. दुसऱ्या वेळी बाभळीचं लाकूड वापरलं. ते इतकं जड की गाडीचं बूड खाली आणि नाक वर झालं. तिसऱ्या वेळी आमच्या माळ्याच्या फळ्या गेल्या. आंब्याच्या लाकडाच्या होत्या. माळ्यावरचे कांदे माझ्या खाटेखाली आले आणि सहा महिने मी कांद्यांच्या वासात झोपले. त्या फळ्यांचे खण उन्हाळ्यात झकास सरकले आणि पावसाळ्यात फुगून असे बसले की दोन पाय गाडीच्या मागच्या झडपेला, म्हणजे फाळक्याला, रेटून ओढले तरी हलेनात. आबांनी साबण चोळला, मेण चोळलं, शेवटी रंधा मारला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा तेच खण खुळखुळायला लागले.

"दादाचं डोकं लय चालतंय," माझे यजमान नानासो कौतुकानं म्हणायचे. मी म्हणायचे, डोकं चालतंय, गाडी कधी चालायची? पण हे आमच्या खोलीत, दार लावून.

पंचमी आली की आबा म्हणायचे, बेंदूर झाला, आता दिवाळीला नक्की. दिवाळी आली की म्हणायचे, ऊस जाऊ दे. पंचमीला गावभरच्या लेकी माहेरी निघायच्या. आक्का दारात उभं राहून त्यांना वाटेला लावायच्या आणि आत येऊन भाकऱ्या थापायच्या. त्या थापण्याचा आवाज मला ओळखू यायचा. आबांना नाही यायचा. त्यांचं डोकं जीपच्या मागल्या बाजूत असायचं आणि बाहेर फक्त पाय दिसायचे.

सत्याहत्तर साली आबा सांगलीला गेले आणि भंगार बाजारातून जुन्या बेअरिंग घेऊन आले. लोखंडी पट्टीवर बेअरिंग बसवल्या आणि खण त्यावर चढवले. काय सरकायला लागले! एका बोटानं ढकललं की सर्रकन बाहेर. आबा दिवसभर आल्यागेल्याला बोलावून दाखवत होते. मागचा फाळका खणांच्या आड येतो म्हणून तो काढून भिंतीला लावून ठेवला. खण आपोआप उघडू नयेत म्हणून कड्या बसवल्या, मग त्या कड्या पसंत पडल्या नाहीत म्हणून उचकटून टाकल्या. नव्या करणार होते. एवढ्यात खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढे मांडतात. विळा-कुऱ्हाडीपासून आबांच्या पान्या-पकडीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. एकदा मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आबा देव मानोत न मानोत, हत्याराची पूजा काटेकोर पाळायचे.

दसऱ्याच्या सकाळी जीपला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी गावाच्या शिवेपर्यंत नेऊन आणायची असं ठरलं. तेवढ्यात आक्का बाहेर आल्या. अंगावर हिरवं लुगडं. त्या सरळ आबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "शालू, चल, मागं बस."

मागं म्हणजे कुठे? मागे तर नुसते खण. मी त्यांच्यावर चढून बसले. वर ताडपत्रीचं छत डोक्याला टेकत होतं, त्यामुळे मान वाकवून. पदर सांभाळायची चिंता तेवढी मिटली.

शीव आली. आबांनी गाडी वळवायला वेग कमी केला.

"वळवू नका," आक्का म्हणाल्या. "फुडं चला."

"कुठं?"

"आईकडं."

"अगं, खणांच्या कड्या काढल्यात. घरी जाऊन चार खिळं मारतो, मग..."

"हत्यारं कुठं हायती?"

"देवाम्होरं."

"मग कशानं मारताय खिळं? आज तुमाला हात लावाय यायचा न्हाई. म्हणून आजच जायाचं. उद्या तुमी पुन्ना सुरू करशिला."

मी मागे बसून तोंडात पदर कोंबला, नाहीतर मोठ्यानं ओरडले असते. तीन वर्षं ही बाई गप्प बसली होती ती खुळ्यासारखी नव्हे. आबांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. गाडी पुढे निघाली.

औंध मागे पडलं, वडूज मागे पडलं. मायणीच्या पुढे एक खडी चढण लागली आणि गाडीनं नाक वर केलं. माझ्या बुडाखालून सर्रकन आवाज झाला, पाठोपाठ रस्त्यावर धडाड! एक गेला, दुसरा गेला. मी ताडपत्रीच्या दांड्याला लोंबकळत ओरडले, "आबा, खण!" थोरल्या दिराशी उभ्या जन्मात मोठ्यानं बोललेले माझे हे पहिले शब्द.

रस्ताभर नट-बोल्ट सांडले होते. आणि आबांनी काय करावं? उकिडवे बसून एकेक नट उचलला, धोतराला पुसला आणि आकाराप्रमाणे ओळीनं मांडायला लागले. डोळे मिटून नुसत्या बोटांनी माप ओळखत होते. ऊन चढत होतं. आक्कांनी पाचसहा ओळी होईपर्यंत पाहिलं, मग पोतं आणून सगळ्या ओळी हातानं गोळा करून त्यात भरल्या.

"अगं, मिसळलं समदं!"

"मिसळू द्या."

पडलेले खण परत आत घातले, शेजारच्या रानातल्या एका माणसाकडून दावं मागून घेतलं आणि आक्कांनी स्वतः ते खणांना करकचून आवळलं. एवढी कारागिरी, आणि शेवटी बैलाच्या दाव्यानं बांधावी लागली. आबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला जराही कीव आली नाही.

वाडीत पोचलो तेव्हा राहीबाई दारात बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण गाडीकडे नाही, जरा बाजूला. मला तिथेच कळलं. आक्का उतरल्या, लुगडं सारखं केलं आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ उभ्याच.

"कोण हाय?" म्हातारीनं विचारलं.

आक्का त्यांच्यासमोर खाली बसल्या. "आई, मी चंद्रा."

"चंद्रा? आगं माजे बाय! शरावणात उजवा गेला, भादव्यात डावा. म्हनलं आता काय तू दिसत न्हाईस." त्या आक्कांच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शालू, आईला मी दिसंना गं." मला तेव्हा आबांचा असा संताप आला की दीर आहे, थोरला आहे, काही काही आठवेना. दोन महिने! फक्त दोन महिने आधी निघालो असतो तर.

म्हातारी मात्र जावयाला बोल लावणारी नव्हती. चहापाणी झाल्यावर म्हणाली, "पावनं, गाडी लय भारी हाय म्हनत्यात. दावा की मला."

आबांनी त्यांचा हात धरून मागे नेलं. त्यांनी मुठी चाचपल्या. "ह्यात काय असतंय?"

"नट-बोल्ट, आत्ती."

"आन ह्या गोल मुठीच्यात?"

"वायरी."

"ह्यात?"

"चहाचा इस्टो."

म्हातारीनं सगळे खण हातानं तपासले, खालपासून वरपर्यंत. मग सरळ मनानं विचारलं, "आन माणूस कुठं बसतंय?"



"आई आता आपल्याकडं ऱ्हाईल," आक्का म्हणाल्या. "आजच न्यायची."

आबांनी खाकरून म्हटलं, "मग पाठीला टेकायला फळी करतो. आठ दिवसात..."

आक्कांनी दाव्याची गाठ सोडली आणि पहिला खण ओढून अंगणात टाकला. मग दुसरा. तिसऱ्याला आबा पुढे आले. मला वाटलं अडवतील, पण त्यांनी तो स्वतःच ओढला. हत्यार नव्हतंच, सांगाडा त्यांनी आकारामला हाताशी घेऊन हिसडे मारून उपसला. बोटं रक्ताळली. तो सगळा पसारा तिथेच राहिला. पुढे आकाराम सांगायचा, त्यात कोंबड्या अंडी घालतात म्हणून.

घोंगडं अंथरून राहीबाईंना मागे बसवलं, माझ्या खांद्याला टेकवून. आबा बैलगाडी हाकावी तशी जीप चालवत होते. थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "कुठवर आलो गं?"

आक्का काही सांगायच्या आत आबाच बोलले. "आत्ती, डाव्या अंगाला जुंधळा हाय. कणसं भराय लागल्यात. उजव्या हाताला माळ, मेंढरं चरत्यात." रस्ताभर ते सांगत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना नट-बोल्टाशिवाय कशावर ऐकलं नव्हतं. माझा राग त्यामुळे गेला असं कुणी समजू नये.

म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "आन माजी चंद्रा कशी दिसतीया, पावनं? लुगडं कुठलं नेसलीया?"

सकाळपासून आक्का आबांच्या शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या होत्या. आबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मान वळवून बायकोकडे पाहिलं. आक्का समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"हिरवं हाय, आत्ती," आबा म्हणाले. "काठ तांबडं." मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "केस पिकल्यात की गं तुजं."