वेणूचं जाळं, काळूचे फुगे

झाईच्या किनाऱ्यावर एखादी गोष्ट काळूला येत नाही, असं कधी झालं नाही. होडीचं इंजिन बिघडो, कुणाला ताप येवो, उंबरगावच्या दुकानदाराशी गुजरातीत भांडायचं असो, याचं उत्तर ठरलेलं. "त्यात काय? मगज वापरायचा." मगजाशी त्याचा संबंध बोलण्यापुरताच होता, हे मी शेजारी म्हणून वीस वर्षं बघतोय.

वेणू ही त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा तिच्यासाठी मागे एक जाळं राहिलं. होडी काळूची, जाळं वेणूचं. निम्मी मासळी तिच्या वाट्याला यायची, ती सुकवून तलासरीच्या बाजारात विकायची. जाळं गेलं तर दुसऱ्याच्या चिकूवाडीत मजुरी, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

२०१७ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्याकडे हे जाळं तळाशी नांगरतात आणि वरची कड तरंगती राहावी म्हणून तिला कडक प्लॅस्टिकचे बंद डबे बांधतात. भरतीची ओढ डबे खाली नेते, ओढ संपली की ते वर येतात आणि जाळं कुठे आहे ते कळतं. वेणूचे जुने डबे उन्हाने तडकले होते. तिने काळूला नवे आणायला पाठवलं. हा शहाणा उंबरगावहून फुगवायचे मोठे रंगीत फुगे घेऊन आला! बोर्डीच्या समुद्रावर शहरातली पोरं खेळतात तसले.

"वहिनी, डबा कशाने तरंगतो? आतल्या हवेने. मग डबा कशाला?"

वेणूला हे पटलं नव्हतं, पण होडी त्याची. पहिल्यांदा जाळं टाकण्याआधी जाळ्याच्या मालकिणीने तरंगत्या डब्यांना कुंकू लावून नारळ वाढवायचा, अशी आमची रीत. त्या बाईने मुकाट्याने लालपिवळ्या फुग्यांना कुंकू लावलं. काळूने सकाळच्या गारव्यात सायकलच्या पंपाने ते टम्म फुगवून वाळूत मांडले होते. ऑक्टोबरचं ऊन चढलं आणि बाराच्या सुमाराला फाट, फाट, फाट! लागोपाठ तीन फुटले. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया पोट धरून हसल्या.

लाज वाटेल तो काळू कसला? "हवा उन्हाने फुगते, मला ठाऊक होतं. बघत होतो किती फुगते ती," असं म्हणून त्याने उरलेल्या सगळ्या फुग्यांतली निम्मी हवा सोडली. "आता ऊन काय करतंय?"

ऊन काहीच करणार नव्हतं. करणार होतं ते पाणी, आणि ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी मी माझ्या नांगराच्या दोरीला अशीच अर्धवट फुगवलेली ट्यूब बांधली होती. ओढीने ती पाच-सहा वाव, म्हणजे तीसेक फूट खाली गेली. खाली पाणी चहूबाजूंनी आवळतं. आतली हवा तेवढीच, पण फुगा दबून निम्मा होतो आणि निम्म्या फुग्याला वजन उचलवत नाही. माझा नांगर गेला तो गेलाच. घरी मी सांगितलं, दुसऱ्या बोटीने दोरी कापली.

मी काळूला म्हणालो, "अरे, हे फुगे खाली..."

"देवजीदादा, तू राहू दे. सातवी नापास माणूस तू."

मग मी तोंड मिटलं. म्हटलं, पडू दे तोंडघशी. एकदा सगळ्या गावासमोर याची जिरलीच पाहिजे.

अमावस्येच्या उधाणात त्यांनी जाळं टाकलं. पाण्याने ओढ घेतली, फुगे खाली गेले. ओढ थांबली तरी एकही वर आला नाही. काळू दोन दिवस लोखंडी आकडा तळाला फरफटवत फिरला. हाती वीतभर फाटकी दोरी लागली.

"माल खराब निघाला," काळू किनाऱ्यावर उतरत म्हणाला.

मी खदखदून हसलो. इतके दिवस पोटात धरलेलं सगळं मग बाहेर काढलं. पाणी कसं दाबतं, फुगा कसा आक्रसतो, कडक डबा का आक्रसत नाही, सगळं हातवारे करून सांगितलं. लोक माना डोलवत होते, मला मजा येत होती. सातवी नापास माणूस शिकवत होता ना!

वेणू ती दोरी हातात घेऊन बसली होती.

"देवजीभाऊ, हे तुम्हाला आज कळलं?"

खोटं बोलायला हवं होतं, सुचलं नाही. "नाही, आधीपासून..."

"काळूला अक्कल नाही, ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला होती."

सोमवारी ती चिकूवाडीच्या टेम्पोत चढली. धक्के लागू नयेत म्हणून टेम्पोत कुठे बसायचं, ते काळू तिला समजावत होता. मी काळूला अजूनही हसतो. पण वेणू जवळपास नाही ना, ते आधी बघतो.