बंदुकीचं पोट

"मले तोंड नोको दाखवू, पोट दाखव."

आवडाबाईच्या अंगणात कोणी जुनी बंदूक घेऊन आलं की पाण्याच्या तांब्याआधी हे वाक्य पुढे यायचं. किन्हीराजाच्या शिवारात तिचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येतात म्हणून नवऱ्याच्या माघारी तिने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि त्यासोबत घरातली लांब नळीची ठासणीची रायफल. इंग्रजांच्या पलटणीतली, दीडशे वर्षांपलीकडची. जुन्या हत्यारांचे शौकीन अशीला मोठी किंमत देतात.

तिचा बाप अकोल्याला बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नळ्या घासायचा. घासलेल्या नळ्या ही पोर पुसायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही, पण मुकुट कोणत्या कारखान्याचा, चांदणी कोणत्या कारागिराची, हे ती बोट फिरवून सांगते. घोड्याजवळच्या पट्टीवरचा मुकुट आणि साल म्हणजे बंदुकीचं तोंड. ते कोणीही ठोकून घेईल. बनवणाऱ्याची खरी खूण नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाच्या आत झाकलेली. ते पोट.

दसऱ्याला हत्यारं सगळेच पुजतात. आवडाबाई त्या दिवशी रायफल पूर्ण खोलते. दिव्यांसाठी मळलेल्या कणकेतला एक गोळा नळीच्या पोटावर दाबते, आणि खुणा उमटलेला तो गोळा बियांच्या डब्यात राखेत जपते, पुढच्या दसऱ्यापर्यंत. बापाने सांगितलं होतं, म्हणून. शेजारणी हसल्या. तिने डबा सोडला नाही.

गेल्या विधानसभेच्या वेळी नोटीस आली, बंदुका जमा करा. आम्ही दहाबारा जणांनी तालुक्याच्या एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात ठेवल्या. निकाल लागल्यावर आणायला गेलो. रांगेत आवडाबाई पहिली. बाकीच्यांच्या बंदुका दुकानातल्या पोराने रांगेतच हाती दिल्या होत्या, सह्या तेवढ्या बाकी होत्या. मालक धीरज, तरणाताठा माणूस, त्याने रायफल काउंटरवर ठेवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"मावशी, इथं सही."

तिने रायफल दोन्ही हातांवर तोलली आणि परत ठेवली.

"हे माही नोहे."

"नंबर पाहा ना. परवान्यावरचाच हाये. मुकुट हाये, साल हाये."

"तोंड नोको दाखवू मले, बापू. पोट दाखव."

"परवान्यावर पोटाचा नंबर नसते, मावशी. करा सही, मांगं लोकं उभे हायेत."

"राहू दे उभे. माही वस्तू भेटल्याबिगर मी सही करत नाही."

"काहून डोक्सं खाता? तुमाले डुकरं हाकलाचे हायेत का म्युझियम काढाचं हाये?"

"डुकरं मी गोफणीनं बी हाकलतो. पण माह्या घरची रायफल माह्याच घरी जाईन."

तिने पिशवीतून पेचकस काढला. धीरज नको नको म्हणेपर्यंत पेच निघाला, कड्या सरकल्या, नळी लाकडातून वर आली. पोट कोरं. नव्या पाइपासारखं गुळगुळीत.

"घासल्या गेलं असंन," धीरज म्हणाला.

"लाकडाच्या आत कोन घासते रे?"

मग तिने फडक्यातला कणकेचा वाळका गोळा काउंटरवर ठेवला. धीरजला हसू आवरेना.

"हे घेऊन कोर्टात जासान का आता? भाकर घेऊन?"

"जाईन. अन् तुले वाढीन बी."

हसला तो एकटाच. मागून तांड्यावरचे हेमसिंगबुवा पुढे आले. त्यांनी नुकतीच हाती आलेली आपली बंदूक काउंटरवर उलटी ठेवली.

"माय, हिचं बी पोट पाह्य. मी बी सही करत नाही."

त्यांच्या मागचा आला. त्याच्या मागचा आला. माझीही मी उलटी ठेवली. काउंटरवर जागा उरली नाही आणि रजिस्टरात एक सही नव्हती. धीरजने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि आत गेला. आतून त्याने तीन रायफली आणल्या.

"चुकून बदलली असंन, मावशी."

पहिली तिने हातात घेऊनच बाजूला सारली. दुसरी खोलली. गोळा वाळून आखडला होता, पण खुणांनी आपली जागा सोडली नव्हती: मुकुट, नावाची ओळ, खाली दोन चांदण्या, एकीचं टोक तुटलेलं. नळीच्या पोटावर तेच सगळं, त्याच क्रमाने. फक्त तोंडावरचा, परवान्याचा नंबर कानशीने उडवलेला.

"चुकून नंबर बी घासल्या गेला काय? अन् त्या कोऱ्या पोटाच्या बंदुकीवर चुकूनच ठोकल्या गेला?"

धीरज रजिस्टर बंद करू लागला, तिने त्यावर हात ठेवला.

"आता लिही. पह्यले भलतीच देल्ली होती. नंबर उडवला होता. तुह्या हातानं लिही."

"मावशी, मिटवा ना आता..."

"लिही."

त्याने लिहिलं. तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. मग मान वाकवून एकेक अक्षर काढत सही केली, घाई अजिबात नाही. रायफल जोडली, गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतली.

"माय, आमच्या?" हेमसिंगबुवांनी विचारलं.

तिने पेचकस त्यांच्या तळहातावर ठेवला.

"पोट कुठं असते, समजलं ना? आता तुमचं तुमी पाहा."

आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. बसस्टँडच्या रस्त्याने, केळीच्या गाड्यांमधून, भर उन्हात, मागे वळून न पाहता. उलट्या बंदुकांपाशी उभे राहून आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. धीरजनेही पाहिलं, ती कोरी नळी हातात धरून.